वास गेला की जा

आमच्या घरात वास कशाचा येतो हे सगळ्यांना माहीत होतं. तरी नाताळच्या सुट्टीत मागच्या पडवीत बसून संत्री सोलत होते ती मी एकटी.

वास मशेरीचा होता. माझ्या सासूबाई, सोनुबाई, सकाळी उठल्याबरोबर मशेरी लावतात, जेवण झालं की लावतात आणि डोकं चढलं की अधेमधे कितीदाही. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि मोरीवर बसून बोटानं दात घासत राहायचं. आता मशेरी आमच्या भागात निम्म्या म्हाताऱ्या लावतात. माझी आईसुद्धा लावते. पण सासूबाईंची मशेरी म्हणजे घरातलं एक जास्तीचं माणूस. उशीला तिचा वास, पडद्याला तिचा वास, त्यांनी घडी घातलेल्या माझ्या साडीलाही तिचाच वास. लग्न होऊन कुंभिवलीत आले तेव्हापासून मी नाक मुठीत धरून राहिले आणि हळूहळू सवय झाली म्हणून सोडून दिलं.

अडलं ते माझी नणंद निशिगंधा, म्हणजे आमच्या निशाताई, सुट्टीला आली तेव्हा. नेरूळला दिलेली, तिथल्याच एका शाळेत शिक्षिका, पहिलटकरीण, तिसरा महिना. नाव निशिगंधा आणि बाईला कुठलाच गंध सोसेना. रिक्षातून उतरली, आईच्या पाया पडायला उंबऱ्यात वाकली आणि तशीच तोंडावर हात ठेवून मोरीकडे पळाली. तो तिचा पहिला दिवस. पुढेही तेच. भाताचं पातेलं उघडलं तर ठीक, फोडणी दिली तर ठीक. सासूबाई जवळ आल्या की संपलं.

सासूबाईंनी पहिल्यांदा हायवेपलीकडच्या कंपनीला शिव्या घातल्या. "रातचा कसला तरी धूर सोडतात, त्याचाच वास हाय." मग गटाराचा नंबर लागला. गटार विपुलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कंपनीतल्या शिफ्टवरून येऊन फिनेल ओतून धुतलं. त्या फिनेलनं निशाताईंना आणखी एक उलटी झाली. मग आली माझी फोडणी. "हर्षला, लसून जाळतेस तू. तोच वास बसतो पोरीच्या नाकात."

मी गप्प बसले. गप्प बसायला मला कारण होतं.

खोपोलीच्या ज्या शाळेत मी ऑफिसला काम करते ती नाताळापासून नव्या वर्षापर्यंत बंद असते. वर्षात तेवढीच माझी खरी सुट्टी, कारण मे महिन्यात प्रवेश चालू असतात आणि दिवाळीत नणंदा-भाचरं. म्हणून नाताळात मी लोधिवलीला आईकडे जाते. यंदा माझी मुलगी आरोही सुट्टी लागली त्याच संध्याकाळी तिच्या मामाबरोबर, ओमकारबरोबर, पुढे गेली होती. मी दुसऱ्या दिवशी जाणार होते. लोधिवली काही सातासमुद्रापार नाही. हायवेला उभं राहिलं की जे मिळेल त्यात बसायचं, आणि कपातला चहा निवायच्या आत पोचता येतं. पण सुनेला माहेर किती लांब हे सासू ठरवते.

"निशूला वास सोसत नाय," सासूबाई मला म्हणाल्या. "काय तरी कर. घरातला वास गेला आनि पोरगी दोन घास खायला लागली की जा तू खुशाल लोधिवलीला. मी कशाला आडवीन?"

म्हणजे बघा. वास त्यांचा, मुलगी त्यांची, घर त्यांचं आणि अडकले मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त कळसा यांच्या काखेत आणि वळसा माझ्या पायाला.

रात्री विपुलला म्हटलं, "तुम्ही सांगा आईंना. चार दिवस मशेरी बंद ठेवा म्हणावं."

"मी?" तो अंथरुणावर उठून बसला. "येडी हायस काय? बाबा होते तेव्हा त्यांनी पन कधी सांगितलं नाय. तूच सांग ना, बायका-बायकांत."

"बायका-बायकांत म्हणजे सून-सासूंत होय?"

"मंग निशूला सांगू दे." आणि डोक्यावरून चादर घेऊन झोपला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की या घरातल्या सगळ्या उंदरांना शिफ्ट लागते.

निशाताईंकडे विषय काढला तर त्यांनी माझा हातच धरला. "वैनी, आईला यातलं काय बोलू नको हां. लहानपनी मी एकदा बोलले होते, आई, तुज्या तोंडाला घान वास येतो. मंग कितीतरी दिवस ती पदर तोंडाला लावूनच माज्याशी बोलायची. मला शाळेत सोडायला यायची, पन फाटकाच्या लांब उभी राहायची. मला नाय परत तसं करायचं. मी नेरूळला जाते हवं तर." आणि मग मोबाईल पुढे केला. "हे बघ ना. घरच्या घरी, नैसर्गिक. केमिकल नको, उदबत्ती नको. हे मला सोसेल बहुतेक."

मोबाईलवरच्या रीलमध्ये एक गोरीपान बाई पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात संत्र्याची सालं, दालचिनी आणि लवंगा पाण्यात उकळत ठेवत होती. सुट्टीच्या दिवसांत घर कसं दरवळतं म्हणून डोळे मिटून श्वास घेत होती. तिच्या घरात सासू दिसली नाही.

तर मी संत्री सोलली. सालं, दालचिनी, चार लवंगा, पातेल्यात पाणी, मंद गॅस. खोटं कशाला बोलू, वास झकास सुटला. निशाताई बाहेरच्या खोलीतून आत आल्या, पातेल्यावर वाकल्या, हसल्या. "वैनी, काय मस्त!" मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या, "बगू, बगू, काय केलंय," करत लेकीच्या खांद्यावरून पातेल्यात डोकावल्या. निशाताईंनी जी धूम ठोकली ती थेट मोरी.

"लवंग उष्ण," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी विपुल शिफ्टवरून आला, पातेलं बघितलं, काढा समजून गूळ घालून दोन कप प्यायला आणि घसा मोकळा झाला म्हणून माझं कौतुक केलं. मला त्याच्या डोक्यावर पातेलं घालावंसं वाटलं.

निशाताईंना उलटी आली की होणारा प्रकारही सांगते. त्या मोरीत वाकलेल्या. सासूबाई पडवीच्या दारात, उंबऱ्याबाहेर, पदर तोंडाला लावून उभ्या. तिथून हाक, "हर्षला, धर तिला! पाठ चोळ!" स्वतः पाऊल पुढे टाकणार नाहीत. मुलगी त्यांची, पाठ चोळणार मी, लिंबू आणून देणार मी, मोरी धुणार मी. मला वाटायचं, पोटच्या पोरीची किळस येते या बाईला. एकदा तर मी तोंडातल्या तोंडात बोललेही. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या खेपेला मी गवती चहा घेतला. परसात बांधाला भरपूर माजला आहे. पानं चुरगाळून, त्यात लिंबाची पानं घालून, कोमट पाण्याच्या घंगाळात टाकली आणि घंगाळ निशाताईंच्या खोलीच्या दाराशी ठेवलं. आणि काय सांगू, लागू पडलं! नाताळच्या त्या दिवशी त्यांना एकही उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरी खाल्ली, वालाचं बिरडं खाल्लं, वर दही मागितलं. मी दर तासाला घंगाळातलं पाणी बदलत होते, देवाचं तीर्थ असल्यासारखं.

फक्त त्याच दोन दिवसांत सासूबाईंना काय झालं होतं देव जाणे. सकाळपासून कपाळाला फडकं बांधलेलं. चहा गोड झाला म्हणून कप आपटला. शेजारच्या इंदूबाई वालाच्या शेंगा द्यायला आल्या, तर त्यांना म्हणाल्या, "कोंबड्या बांध तुज्या, मंग शेंगा वाट." विपुलला ओरडल्या, मला तर ओरडायचं खातंच उघडलेलं. आणि दुसऱ्या दिवशी निशाताई जरा हसत काही बोलल्या, तर लेकीवरही खेकसल्या, "नेरूळची अक्कल तितंच ठेव!" निशाताईंचे डोळे भरून आले. मी म्हटलं, ही बाई माणूस आहे का कोण आहे. पण मला काय करायचंय? पोरगी जेवत होती. ठरल्याप्रमाणे वास गेला होता. मी बॅग भरून दाराआड ठेवली आणि आरोहीला फोनवर सांगितलं, उद्या येते.

ओमकारनं मागून आवाज दिला, "ये लवकर ताई. पोपटी लावतोय."

पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडी. मडक्यात आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, वाटण लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ करायचा. मडकं फोडलं की भांबुर्ड्याचा जो वास येतो त्यासाठी मी वर्षभर थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाताई मोरीत होत्या. घंगाळ दाराशी, गवती चहा ताजा, आणि पोटात पाणी ठरेना. सासूबाईंच्या कपाळाचं फडकं गेलेलं, चेहरा शांत, आणि पडवीच्या दारातून हाक, "हर्षला, धर तिला!"

बॅग मी पायानंच आत ढकलली.

पण पोपटीच्या विचारानं मला एक सुचलं होतं. दुपारी शेतात गेले. भात कापून झालेलं, बांधाला भांबुर्डा गुडघाभर वाढलेला. तो उपटून ओंजळ-ओंजळीच्या जुड्या बांधल्या आणि निशाताईंच्या खोलीत खिडकीला, दाराला, खाटेच्या डोक्याशी लटकवल्या. उन्हानं पाला जरा मलूल झाला आणि खोलीभर तो उग्र-गोड वास पसरला. निशाताई म्हणाल्या, "वैनी, पोपटीचा वास! भूक लागली बघ." थोडा भात खाल्ला आणि गाढ झोपल्या. कितीतरी दिवसांनी अशा झोपल्या असतील.

मी दारात बसून राखण करत होते. खरंच, राखण. तरी माझी पाठ वळली आणि सासूबाई आत गेल्या. लेक झोपलेली बघून त्यांना राहवलं नसेल. चादर पायावरून सरकली होती ती त्यांनी वर ओढली, कपाळावरचे केस मागे सारले. निशाताई झोपेतून उठल्या त्या ओकारी देतच.

"धर तिला!" सासूबाई दारापाशी पोचल्यासुद्धा होत्या.

त्या रात्री निशाताई म्हणाल्या की आता नेरूळला जाते. सासूबाई ताटावरून उठल्या. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय आहे. नेरूळची माणसं आधीच म्हणत होती, बाळंतपण इकडेच करू, इकडे दवाखाने चांगले. आता ही परत गेली म्हणजे पुन्हा कशाला येते? पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर गावात तोंड कुठे दाखवायचं? आणि निशाताई अशा उलट्या करत गेल्या असत्या तर माझं लोधिवलीही गेलं असतं, कारण वास काही गेला नव्हता.

म्हणून शेवटचा उपाय. संत्र्याची सालं कडक वाळवायची, लवंग-दालचिनीबरोबर कुटायची आणि ती भुकटी वाट्यांतून घरभर ठेवायची. पाणी नको, धूर नको, काही सांडायला नको. रीलमधल्या बाईचंच हेही. मी सालं सुपात घालून गच्चीवर टाकली. पण नेमकं आभाळ आलं, वर दव. सालं वाळायच्या ऐवजी चामड्यासारखी चिवट झाली. मी कपाळाला हात लावला आणि दळणाला गेले.

परत आले तर सासूबाई पाट्यावर बसलेल्या. सालं, लवंगा, दालचिनी, सगळं बारीक वाटून झालेलं. चाळणीनं चाळून वाट्याही भरलेल्या.

"वाळत नव्हती ना?" त्या म्हणाल्या. "मी भाजून घेतली चुलीवर. कुरकुरीत झाली बग. ठेव जा निशूच्या खोलीत."

लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या कामाला असा आपणहून हात लावलेला मला आठवत नाही. मी खूश झाले. वाट्या घेतल्या, एक खाटेखाली, एक खिडकीत, एक देव्हाऱ्याशी, एक मोरीच्या कट्ट्यावर. नाक लावून बघायचं सुचलंच नाही. बॅगेचा विचार डोक्यात.

निशाताई अंगणातून आल्या. खोलीत शिरल्या, बाहेर आल्या. दुसऱ्या खोलीत गेल्या, बाहेर आल्या. मग मोरी, मग मोरीतही ती वाटी. उलटी थांबेचना. पोटात काही नव्हतं तरी थांबेना. मी पाठ धरून उभी आणि माझ्या नाकाशी ती कट्ट्यावरची वाटी. तेव्हा मला वास आला. संत्र्याचा होता, लवंगेचा होता आणि त्या दोघांच्या वर, स्वच्छ, मशेरीचा.

सालं मशेरीच्या तव्यावर भाजली होती.

निशाताईंना खाटेवर निजवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि वाटी हातात घेऊन मी मागच्या पडवीत गेले. माझं डोकं फिरलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही दर वेळी माझ्याच हातून? मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या तोंडावर ओरडले.

"वास तुमचा आहे, आई! कंपनीचा नाही, गटाराचा नाही, माझ्या फोडणीचा नाही. तुमच्या मशेरीचा वास आहे! सगळ्यांना माहीत आहे. विपुलला माहीत आहे, निशाताईंना माहीत आहे. तुम्हाला कोणी सांगत नाही म्हणून मी काय जन्मभर संत्री सोलू?"

त्या चुलीशी बसल्या होत्या. वर बघितलं नाही.

"म्हायीत हाय मला," त्या म्हणाल्या.

मी वाटी हातात धरून उभी.

"माजं नाक मेलं असंल, पन डोळे तर हायत. मी जवळ गेले की पोरगी पळते, ते दिसत नाय? म्हनून तर लांब उभी राहते मी. तुला बोलावते." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्या दोन दिवशी सोडली होती. तुला वाटलं तुज्या गवतानं बरं वाटलं तिला. डोकं फुटत होतं माजं. सगळ्यांवर वरडत होते, निशूवर पन वरडले. ती रडली. मंग वाटलं, वासापरीस माजं तोंडच वाईट. लावली परत."

मी वाटी खाली ठेवली.

"आनि तवा राखेनं घासला होता गं मी," त्या म्हणाल्या. "घासून घासून घासला. मला वाटलं, निघाला असेल."

तवा भिंतीला टेकून ठेवलेला होता. बाहेरून, आतून, दांड्यापर्यंत घासलेला. इतका स्वच्छ मी तो कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली. भिवपुरीजवळच्या गावात त्यांचा भाऊ सदू असतो, त्याच्याकडे निघाल्या. "निशूला सांगा, मामाला बरं नाय." विपुल त्यांना खोपोलीला गाडीत बसवून आला. जाताना दारात त्या मला म्हणाल्या, "वास गेला आता. तू बी जा. मी बोलले होते तसं."

जा! जाऊ कशी? नणंद घरात, तिसरा महिना, नवरा शिफ्टला, मीठ कुठे असतं हेसुद्धा त्याला शोधावं लागतं. सासू स्वतःच्या माहेरी जाऊन बसली आणि मला म्हणते जा. मी बोललेलंही जिरलं नव्हतं आणि इतके दिवस न बोललेलंही. इतका संताप मला कधी आला नसेल, आणि तो कोणावर काढायचा हेही कळेना. मी उशांचे अभ्रे काढले, पडदे काढले, चादरी काढल्या, सगळं धुतलं. वाट्या फेकल्या. नवीन संत्री आणून पातेलं उकळत ठेवलं, खिडकीत ताजा भांबुर्डा बांधला. संध्याकाळपर्यंत घर रीलमधल्या घरासारखं दरवळायला लागलं. निशाताई पोटभर जेवल्या. ढेकर दिला. मला तरीही भांडी आपटायची होती, ती मी आपटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाची चौकशी करायला फोन लावला. सदूमामा फोनवर मोठ्यानं बोलतात, मला चुलीशी ऐकू आलं. "मला? मला काय धाड भरलीय? मी वालाच्या शेंगा खुडतोय. तुजी आय मातर कालपासून तोंडाला पदर लावून बसलीय, बोलत नाय काय नाय."

निशाताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "वैनी, तू बोललीस."

"हो," मी म्हटलं. "कोणीतरी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या आणि कपडे भरायला लागल्या.

"अहो, पण आता का जाताय? आता घरात वास नाही, काही नाही. दोन दिवस झाले, एक उलटी नाही."

"मी आईकडं आले होते गं," त्या म्हणाल्या. "घराकडं नाय."

विपुल त्यांना भिवपुरीला सोडून तसाच शिफ्टला गेला. घरात मी आणि पातेलं. उन्हं कलायला लागली तेव्हा मी फोन केला, कारण जीव राहवेना.

"उलट्या?" मी विचारलं.

"होतात की. आल्यापासून दोनदा झाली."

"मग?"

"मंग काय. आई पाठ धरते." पलीकडे कुठेतरी कोंबड्या कलकलत होत्या. "लांब उभी राहिली होती परत. मी हाताला धरून ओढली तिला. बोलले, होऊ दे उलटी, तू जवळ ये."

मी फोन ठेवला, गॅस बंद केला. इतकं सुगंधी घर आणि त्यात श्वास घ्यायला मी एकटी. आता मला कोणी अडवत नव्हतं. बॅग दाराआड होतीच.

लोधिवलीला पोचले तेव्हा वर्षाचा शेवटचा दिवस मावळायला आला होता. पोपटी आदल्या रात्रीच होऊन गेली होती. शेतात राखेचं काळं वर्तुळ, बाजूला मडक्याचे तुकडे आणि करपलेला पाला. आरोही आणि ओमकार पतंग आणायला शेजारच्या चौक गावात गेले होते. मी उद्या दुपारी परत निघणार, परवा शाळा. एवढ्या सगळ्यातून मला काय मिळालं याचा हिशेब करत मी अंगणातून मागच्या दारी गेले.

आई मोरीच्या दगडावर बसली होती, बोट तोंडात. मला बघितलं, घाईघाईनं चूळ भरली, हात पदराला पुसला आणि धावत आली.

"किती वाळलीस गं! किती दिस वाट बगायची?" आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. तिच्या बोटाच्या पेराला अजून काळं होतं.

तिच्या हातांना, पदराला, तोंडाला तोच वास होता. अगदी तोच, तव्यावरच्या सालांना होता तो. जन्मापासून मी या हातांत आहे आणि तो मला आजपर्यंत कधी आलाच नव्हता.

थोडी जरी मागे सरकले असते तरी तिला कळलं असतं. मी हलले नाही.